आत्याचा मॅसी, विलायती नांगर आणि भंगाराचा भाव : देवळा, मालेगाव, निफाड

गुरुवार, देवळा

भंगारवाला आत्याकडे दोनदा येऊन गेला होता. ट्रॅक्टर, ट्रॉली, दोन फाळी नांगर, नऊ दाती कल्टिव्हेटर, सऱ्या पाडायचं रिजर, मागच्या चाकांना लावायची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं, सगळं एकगठ्ठा सत्तर हजार, रोख देतो आणि उद्याच उचलतो म्हणे. आतोबा जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा पुण्यात, तो म्हणतो आई जे येतंय ते घे आणि मोकळी हो. आत्याने मग मला फोन केला, "पोरी, तू कारखान्यात दिवसभर मापंच घेतेस ना, मग हे पण मापून दे. सत्तर म्हणजे बरोबर की कमी एवढंच सांग, पुढचं मी बघते."

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि जुन्या ट्रॅक्टरचं वेड शाळेत असल्यापासून, त्यामुळे रजा टाकली, धाकट्या भावाला गाडी काढायला लावली आणि निघालो. पिंपळगाव बसवंत मागे पडलं, वडाळीभोईला हायवे सोडला, भावडबारी चढून देवळ्याच्या हद्दीत आलो तर दोन्ही बाजूला कांदा, काही काढून पडलेला, काही चाळीत चाललेला, बायका पात कापत बसलेल्या, आणि ऊन असं की गाडीच्या काचेला हात लावता येत नव्हता.

आत्याच्या खळ्यात कडुनिंबाखाली मॅसी १०३५ उभा. १९७८ सालचा. जुन्या तीन अक्षरी सिरीजचा नंबर, एमएच यायच्या आधीचा. लाल रंग उन्हाने फिका पडलेला पण मूळचाच, वरून कोणी फवारलेला नाही. मागच्या टायरला भेगा, बॅटरी गेलेली, सीटचा पत्रा मात्र जागेवर आणि बॉनेटला कुठेही वेल्डिंग नाही. आतोबांचा हात यंत्रावर फार मायेचा होता, ग्रीस निप्पलवर कापडाच्या टोप्या घातलेल्या अजून तशाच होत्या.

आधी ही मशीन काय आहे ते सांगते, नाहीतर भाव कशाचा ठरवतोय ते कळणार नाही. टॅफे कंपनी १९६० साली मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने सुरू झाली. १०३५ म्हणजे इंग्लंडच्या एमएफ ३५ च्याच घराण्यातला, आणि ३५ हा हॅरी फर्ग्युसनने काढलेल्या करड्या टीई-२० ट्रॅक्टरचा वारस. तीन सिलिंडर, सिम्प्सन कंपनीचं इंजिन. आपल्याकडे हे इतके विकले गेले की आजही नाशिक जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या गावाला त्याचा लायनर-पिस्टनचा, म्हणजे इंजिन नव्याने भरायचा, किट मिळतो. हे लक्षात ठेवा, भावाचं अर्धं गणित इथेच आहे.

भंगारवाल्याचे सत्तर हजार मी तोंडाने खोडले नाहीत. आत्याला म्हटलं, आधी लोखंड किती आहे ते बघू. त्या किमतीखाली कोणी कितीही गोड बोललं तरी द्यायचं नाही, कारण तेवढे तर वितळवूनही येतात. त्याच्या वर किती चढायचं हा पुढचा प्रश्न.

शुक्रवार, देवळा आणि मालेगाव

सकाळी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला आत्याची ट्रॉली जोडली, त्यात नांगर, कल्टिव्हेटर, रिजर आणि चाकांची वजनं टाकली आणि वजनकाट्यावर नेली. भरून १४८० किलो, रिकामी ९३० किलो, म्हणजे अवजारं ५५० किलो. मग मॅसीला साखळी लावून ओढत नेलं, तो १६९० किलो भरला. तिन्ही पावत्या आत्याने कमरेच्या पिशवीत ठेवल्या. बेरीज ३१७० किलो, त्यातून टायर, ट्रॉलीच्या फळ्या, रबर, तेल, वायरिंग असं सगळं हात राखून वजा केलं तरी निव्वळ लोखंड २८०० किलोला कमी नाही.

तिथून सौंदाण्यावरून मालेगाव. मोसम पुलाच्या पलीकडे भंगाराची गोदामं, जुन्या मागांचे बीडाचे सांगाडे एकावर एक रचलेले, आणि तिथे तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारला, आज मिक्स लोखंड काय भावाने घेता. तिघांनीही तीसच्या आसपास सांगितलं, बीडाचा भाव वेगळा. विकायला काय आहे हे मी कोणालाच सांगितलं नाही, नुसता दर विचारला, कारण माल कळला की दर बदलतो. २८०० गुणिले ३० म्हणजे ८४ हजार. चालू होऊ शकणारा ट्रॅक्टर, रस्त्यावर धावणारी ट्रॉली आणि तीन अवजारं तो माणूस भंगारापेक्षाही चौदा हजार खाली मागत होता. मला खरंच राग आला. आत्यासारख्या बायकांकडून असं किती खळ्यांतून उचललं गेलं असेल.

दुपारी सेकंड हँड ट्रॅक्टरवाल्यांकडे गेलो. इथे एक गोष्ट शिकले ती महत्त्वाची. मोबाईलवर १०३५ शोधला की दोन लाख, सव्वादोन लाख असे आकडे दिसतात, आणि लोकं तेच धरून बसतात. एका व्यापारी काकांना मी म्हटलं, काका, किती मागतात ते नको, गेल्या दोन-चार महिन्यांत ऐंशी सालाच्या आधीचा १०३५ तुम्ही स्वतः कितीला दिला ते सांगा. त्यांनी वही काढली. चालू कंडिशन, बरे टायर, कागद क्लिअर, असे एक लाख वीस ते एक तीसच्या मध्ये गेलेले. दोन लाखवाला तसाच उभा होता, त्याच्या टपावर धूळ बसलेली. मागणीचा भाव कोणीही काहीही सांगू शकतो, सौदा झाला तोच भाव.

काकांनी अजून एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं. लासलगावला कांद्याला भाव चांगला असला की इकडे जुने ट्रॅक्टर आठवड्यात महाग होतात, कांदा पडला की तेच ट्रॅक्टर महिना-महिना उभे राहतात. आणि पाडव्याला नवीन घेणारे जुना एक्स्चेंजला देतात त्यामुळे त्यानंतर माल भरपूर असतो, पण नांगरटीची घाई लागली की मे मध्ये गिऱ्हाईक वाढतं. म्हणजे आत्ता विकणाऱ्यासाठी वेळ वाईट नाही.

निघताना स्पेअरवाल्याकडून भाव लिहून घेतले, क्लच प्लेट, किंग पिन बुश (पुढचं चाक वळतं त्या खिळीचे), डिझेल फवारणारे नोझल, मागच्या ब्रेकची ऑइल सील, मागची टायर जोडी. शेवभाजी खाऊन रात्री परत देवळ्याला.

शनिवार, देवळा

मालेगावहून मिस्त्री चाचा आले. सत्तरीचे, मॅसीवर आयुष्य गेलेलं, सोबत नातू आणि एक डब्बा भरून पाने. आल्या आल्या त्यांनी इंजिनवर तळवा ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, विकणारा माणूस आधी गरम करून ठेवतो, गरम इंजिन तर कसंही चालू होतं. थंडं कसं उठतं ते बघायचं." इथे कोणी गरम करणारं नव्हतंच, पण सवय ती सवय.

डिपस्टिक काढली, तेल काळं पण पांढरट नाही, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नाही. रेडिएटरच्या तोंडाशी तेलाचा तवंग नाही. डिझेल काढून नवीन भरलं, फिल्टर बदलला, लाईनमधली हवा काढली, त्यांची बॅटरी लावली. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, मग तिन्ही. आत्या ओट्यावर बसली होती ती उठून खाली आली.

आधी काळा धूर, दोन मिनिटांनी काळा गेला. निळा धूर दिसला असता तर तेल जळतंय, म्हणजे रिंग-लायनरचा खर्च. पांढरा राहिला असता तर डिझेल पूर्ण जळत नाही, पंप नाहीतर नोझल. इथे थोडा पांढरा राहिला, चाचा म्हणाले नोझल धुवून चाचणी करावी लागेल. मग त्यांनी तेल भरायचं झाकण काढून त्यावर हात धरला, आतून वाफ किती जोरात येते ते बघायला. हलकी येत होती. "इंजन अभी जिंदा है," एवढंच म्हणाले आणि पुढे सरकले.

पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवलं, खट्ट खट्ट आवाज, किंग पिनचे बुश गेलेले. हाय आणि लो दोन्हीत सगळे गिअर टाकून खळ्यातच पुढे-मागे घेतलं, गिअर उडत नाही, पण क्लच शेवटाला धरतो. उजव्या मागच्या ब्रेकला तेल आलेलं, ही या मॅसीची जुनी खोड, एक्सलची सील गेली की तेल ब्रेकमध्ये उतरतं.

मग लिफ्ट, म्हणजे अवजार वर-खाली घेणारं हायड्रॉलिक. यावर ते सगळ्यात जास्त वेळ थांबले, आणि बरोबरच, कारण या ट्रॅक्टरची खरी किंमत मागच्या तीन दांड्यांत आहे. फर्ग्युसनच्या आधी नांगर ट्रॅक्टरला नुसता मागे बांधलेला असायचा, दगडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलून मागे पलटी व्हायचा आणि माणूस खाली. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी धरला, खाली दोन दांड्या आणि वर एक. जमीन कडक लागली की नांगराचा जोर वरच्या दांडीतून पुढे ढकलला जातो, तिथली स्प्रिंग दबते आणि हायड्रॉलिक आपोआप नांगर जरा वर घेतं. हलका ट्रॅक्टर मोठं काम करायला लागला तो यामुळे. आता ही स्प्रिंग मेली असेल, लिफ्टचा पंप दमला असेल तर नांगरटीला ट्रॅक्टर निकामी, मग इंजिन कितीही गोड चालू दे.

नांगर जोडला, वर उचलला, इंजिन बंद केलं. चाचांनी भिंतीवर खडूने रेघ मारली नांगराच्या टोकाच्या उंचीला आणि चहा मागवला. चहा संपला, बिडी झाली, नांगर चार बोटं खाली आला होता. "इतका उतरणारच, वय झालंय," म्हणाले. मग शेजारच्या पडीक पट्टीत नांगराच्या दोन ओळी घातल्या. कडक ठिकाणी मागे वळून बघितलं तर दांड्या थरथरत वर येतात आणि परत खाली बसतात, हायड्रॉलिक जिवंत आहे.

मग कागद. आरसी सापडली पण मुदत कधीच संपलेली, आणि नाव आतोबांचं. बोनेटखालची नंबरची पट्टी रॉकेलच्या फडक्याने घासली, आकडे आरसीशी जुळले. चाचांच्या नातवाने चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून प्रिंट घेतली, आरटीओत ती लागते. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, मुदत वाढवायला फॉर्म २५, विकताना २९ आणि ३०, आणि कर्जाचा बोजा राहिला असेल तर तो उतरवायला ३५. आतोबांनी कर्ज केव्हाच फेडलेलं पण आरसीवर बोजा तसाच होता. बँकेचं फेडीचं पत्र आत्याच्या लोखंडी पेटीत होतं, तळाशी, देवाच्या पोथीखाली, आणि ते सापडलं तेव्हा मला ट्रॅक्टर चालू झाला त्यापेक्षा जास्त आनंद झाला. कागद नसलेल्या ट्रॅक्टरला पन्नासच्या वर कोणी शहाणा माणूस देत नाही, आणि जो देतो त्याच्याबद्दल विचार करावा.

चाचांनी खर्चाचा अंदाज दिला, नोझल-पंप, क्लच, बुश, सील, बॅटरी मिळून चाळीस हजारांच्या आत-बाहेर, टायर धरून नाही. टायर अजून दोन हंगाम जातील म्हणाले. म्हणजे एक लाख तीस चालू मालाचा सौदा, त्यातून चाळीस गेले, नव्वद. टायर अर्धे संपलेत त्याचे काही वजा. पंच्याऐंशी ते नव्वद या दोन खुंट्यांमध्ये हा ट्रॅक्टर आहे. मी हे चाचांना बोलून दाखवलं तर त्यांनी मान हलवली आणि आत्याला म्हणाले, "बहेनजी, पंच्याऐंशीच्या खाली सोडू नका आणि नव्वदच्या वर कोणाला फसवू नका."

संध्याकाळी नांगराकडे वळले. मला सकाळपासून तो खुणावत होता. तो मॅसीच्या बरोबरचा नव्हे, त्याच्याही आधीचा, आतोबांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात फर्ग्युसन आणला होता त्याच्यासोबत आलेला. ट्रॅक्टर विकला गेला, नांगर राहिला. माती आणि जुनं ग्रीस खरवडलं तर बीडाच्या भागावर फर्ग्युसनचं नाव उठलेलं निघालं, अक्षरं अजून टोकदार. दोरी लावून मुख्य दांडा बघितला, वाक नाही. फाळ झिजलेले, पण फाळ हा बदलायचाच भाग, त्यावरून नांगराची किंमत पाडायची नसते. दांडा वाकलेला असता तर गोष्ट वेगळी. माती कापायच्या गोल तव्यांपैकी एकाच्या बेअरिंगला खेळ होता आणि एक बोल्ट नंतर कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा बसवलेला.

आणि आत्याने गोठ्यातल्या कोनाड्यातून एक पाना आणून दिला, "हा त्याच्याच जोडीचा, तुझे आतोबा कोणाला हात लावू द्यायचे नाहीत." फर्ग्युसनचा पाना. दोन्ही टोकांना वेगळी मापं, आणि अंगावर इंचाच्या खुणा. फर्ग्युसनची कल्पनाच अशी होती की शेतकऱ्याला एका पान्यात नांगराची सगळी सेटिंग करता यावी आणि त्याच पान्याने माप पण घेता यावं. मी तो फाळांमध्ये धरला. एका फाळाच्या टोकापासून दुसऱ्याच्या रेषेपर्यंत बरोबर दहा इंच. हा दहा इंची दोन फाळी नांगर, आणि सत्तर वर्षांनी त्याचं माप हललेलं नाही. माझ्या कारखान्यात दहावेळा कॅलिब्रेट केलेल्या मापांमध्ये राहून मला हे बघताना अंगावर काटा आला.

हा नांगर काट्यावर १७० किलो, म्हणजे भंगारात पाच हजार.

रविवार, निफाड

निफाड तालुक्यात एक नाना आहेत, द्राक्षवाले, जुने ट्रॅक्टर जमवतात आणि चालू ठेवतात. त्यांच्या शेडमध्ये शिरले आणि तासभर बाहेरच आले नाही. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ ला जी कंपनी काढली तिचा बी-२७५. पिंजोरचा एचएमटी झेटर २५११. फरिदाबादचा जुना आयशर, ज्या कंपनीने १९५९ ला देशातला पहिला ट्रॅक्टर बनवला. एक टीई-२० सुद्धा. आणि एका कोपऱ्यात डॉईट्झच्या परवान्यावर किर्लोस्करांनी बनवलेला, तो तर आपल्या नाशिकचाच, १९७४ पासून इथे बनायचा, नाशिककरांनाही हे फारसं माहीत नसतं.

मी विचारलं, नाना, यात सगळ्यात महाग कोणता. मला वाटलं डॉईट्झ म्हणतील, सगळ्यात कमी उरलेला तोच. ते म्हणाले, "नाही ताई. तो मी सगळ्यात स्वस्त घेतला. इंजिन हवेवर थंड होतं, पाणी-रेडिएटर नाही, बनावट एक नंबर. पण त्याचा एक हेड मिळवायला मी दोन वर्षं फिरलो. मिळत नाही म्हणून तो दुर्मिळ, आणि पार्ट मिळत नाही म्हणूनच घेणारा घाबरतो."

टीई-२० चं उलटं. लोकं त्यांना फोटो पाठवतात, म्हणतात विलायतेत याला पौंडात किंमत आहे, तर इथे पण द्या. पण इंग्लंडातल्या कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ मध्ये ते पाच लाखांहून जास्त बनले. तिकडे क्लब आहेत, जत्रा आहेत, पार्ट आजही नवीन बनतात, म्हणून तिकडे बाजार आहे. तो बाजार निफाडात उचलून आणता येत नाही. इथला भाव इथल्या घेणाऱ्यावर.

नवीन रंग मारलेला ट्रॅक्टर दिसला की ते किंमत वाढवत नाहीत, उलट बारकाईने बघतात, रंगाखाली क्रॅक आणि वेल्डिंग लपतं. मूळ सीट, मूळ स्टीअरिंग, नंबरची पट्टी, बॅज, मडगार्डचा मूळ पत्रा, या गोष्टींना ते पैसे देतात, कारण इंजिन मिस्त्री बनवून देतो पण चेपलेला मूळ बॉनेट परत कोणी बनवून देत नाही. अवजारांचंही तेच, नांगर पूर्ण आहे का, चाक आहे का, तवे आहेत का. एक तवा नसला तरी तो शोधायला जेवढं फिरावं लागतं तेवढा भाव खाली.

मी त्यांना नांगराचे फोटो दाखवले आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं, बेअरिंगचा खेळ, परका बोल्ट, झिजलेले फाळ, आणि दहा इंचाचं माप. ते आधी बारा म्हणाले. मी म्हटलं नाना, दांडा सरळ आहे, नाव उठलेलं आहे, तवे दोन्ही आहेत, तुम्हीच सांगा एक तवा शोधायला काय पडतं. सोळावर आले. मग मी पान्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. "पाना सोबत देणार?" आत्याला फोन लावला, ती म्हणाली नांगर जातोय तर पाना घरात ठेवून काय करू, जोडीने जाऊ दे, फक्त वापरणाऱ्याकडे जाऊ दे. अठरा हजार ठरले. नाना तो नांगर त्यांच्या टीई-२० मागे खरोखर चालवणार आहेत, शेडमध्ये टांगणार नाहीत, आणि हे ऐकून आत्या फोनवर दोनदा "बरं झालं" म्हणाली.

सोमवार, देवळा

ट्रॅक्टरला गिऱ्हाईक गावातच निघालं. गल्लीतला पोरगा, पाच एकर, कांदा आणि थोडं डाळिंब, आत्तापर्यंत भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललेलं. शनिवारी मॅसीचा आवाज ऐकून तो खळ्याच्या बाहेर उभा होता हे मी बघितलं होतं. तो आला तो सरळ म्हणाला, "काकू, भंगारवाल्याने सत्तर लावलेत असं ऐकलं, मी फक्त ट्रॅक्टरचे पंच्याहत्तर देतो."

मी त्याला बसवलं आणि वही उघडून सगळं समोर ठेवलं. काट्याच्या पावत्या, मालेगावच्या सौद्यांचे भाव, चाचांचा खर्चाचा अंदाज ओळीने, टायर किती उरलेत. ब्रेकमध्ये तेल येतंय ते आधी सांगितलं, किंग पिनचा खटका हाताने हलवून दाखवला, लिफ्ट चार बोटं उतरते ते पण. काहींना हे पटत नाही, म्हणतात विकणाऱ्याने दोष दाखवायचे नसतात. पण घेणारा उद्या रोज आत्याच्या दारावरून जाणार आहे, आणि दोष मोजूनच आपण पंच्याऐंशी-नव्वद काढलेत, लपवायला काही उरलंच नाही. आणि असं सगळं उघडं ठेवलं की घासाघीसही कमी होते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष बघितलं. पोरगा वहीवर बोट ठेवून एक-एक आकडा वाचत गेला, क्लचच्या आकड्यावर थांबला, स्वतः मालेगावच्या ओळखीच्या दुकानात फोन लावून विचारलं, आकडा जुळला, आणि मग पंच्याहत्तर परत त्याच्या तोंडून आलं नाही.

तो ब्याऐंशी म्हणाला, मी अठ्ठ्याऐंशी. शेवटी आत्यानेच तोडलं, ट्रॅक्टर पंच्याऐंशी, चाकांची वजनं त्यातच, कल्टिव्हेटर अकरा आणि रिजर सहा वेगळे. ट्रॉली ती देणार नाही, कांद्याच्या दिवसांत भाड्याने जाते, दर वर्षी घरात पैसा येतो, ती कशाला विकायची. मी जी ट्रॉली भंगाराच्या वजनात धरली होती तिचा हिशोब आत्याने असा एका वाक्यात केला.

नांगराचे अठरा धरून बेरीज एक लाख वीस हजार, आणि ट्रॉली घरीच.

इसार पावती मी लिहिली. वीस हजार आज, पन्नास आरसी आत्याच्या नावावर झाल्यावर, बाकी बत्तीस कांदा विकल्यावर पण दसऱ्याच्या आत. वारसाच्या कागदांवर पुण्याच्या मुलाची सही लागेल, तो येत्या शनिवारी येणार. ट्रान्सफर होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा नाही, वावरातच वापरायचा, इन्शुरन्स नसताना काही झालं तर नाव अजून आतोबांचंच लागेल, हे पण लिहून घेतलं. दोन साक्षीदार, एक आत्याचे चुलत सासरे आणि एक शेजारचे ज्यांच्या ट्रॅक्टरने आपली ट्रॉली काट्यावर नेली होती.

सही करायच्या आधी आत्या म्हणाली अजून एक ओळ घाल. पाऊस पडायच्या आत तिच्या विहिरीमागच्या दीड एकराची नांगरट याने करून द्यायची, डिझेल आत्याचं, ट्रॅक्टर आणि माणूस त्याचा. पोरगा लगेच हो म्हणाला. "तोंडी नको," आत्या म्हणाली, "लिही." मी लिहिलं, त्याने वाचलं, सही केली.

नानांचा पिकअप बुधवारी नांगर न्यायला येतोय, आणि चाचा पुढच्या आठवड्यात क्लच उघडणार आहेत, आतोबांचा जॅक आणि ग्रीस गन त्यांनी कामापुरती मागून ठेवलीय.